मागच्या सीटचं वजन

जानकीपुरम विस्तार, लखनौ
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बबनदादा,

सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईंना कागदावर लिहिलेलंच खरं वाटतं, म्हणून पुन्हा पत्र. तुमच्या लेकीनं, वेदिकेनं, दुपारच्या जेवणानंतर नेहमीसारखं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

आधी आईंचा प्रश्न. तुमच्या बहिणीचं, मीनाक्षीचं, वजन परत एकोणसाठ झालं आहे. ऑपरेशनची जखम भरली. मुगाच्या खिचडीला ती आता कंटाळली आहे आणि भाकरी मागते, म्हणजे गाडं रुळावर आलं म्हणायचं.

आता माझं काम. तुम्ही सगळा जन्म स्प्रिंगच्या फॅक्टरीत काढलात, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझी उंच मोटारसायकल तुम्ही पाहिली आहे, डांबरावर आणि कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी. लखनौला बदली झाल्यापासून दर माघ पौर्णिमेला मीनाक्षी आणि मी तिच्यावरून श्रावस्तीला जातो. जेतवनात बोधिवृक्षाखाली ती तासभर बसते आणि मग आम्ही परत येतो. यंदाही तिला जायचंच आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस औषधांची दुसरी फेरी सुरू होईल. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर बरेच महिने बाहेर पडणं जमणार नाही. म्हणून मी नको म्हणू शकत नाही.

कारचं विचारू नका. बंद गाडीत बसलं की तिला ओकाऱ्या होतात, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. मोटारसायकलवर तोंडावर वारा असला की ती ठीक असते.

अडचण एकच. परवा शाल घ्यायला इथल्या कपूरथला बाजारात गेलो होतो. टेढ़ी पुलिया चौकातल्या गतिरोधकावर गाडी मागून धाडकन खाली बसली. तिनं माझा शर्ट मुठीत धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मेकॅनिक म्हणतो, "भैया, पीछे का स्प्रिंग बदलवा लीजिए." पण कोणता, ते त्यालाही सांगता येत नाही. माझं वजन चौऱ्याहत्तर, तिचं वर लिहिलंच आहे, आणि एक पिशवी. तुम्ही निवडून द्याल का?

आपला,
सुगत

———

चिंचवड
१ डिसेंबर २०२४

सुगतराव,

जयभीम. तुमचं पत्र आईनं दोनदा वाचायला लावलं. एकोणसाठ ऐकून पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "साठ होऊ दे म्हणावं." संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बाईला मीनाचं वजन पाठ झालं होतं.

आता स्प्रिंग. लोक दोन चुका करतात. पहिली, गाडी बसते म्हणून स्प्रिंगच्या वरची रिंग आवळत जातात. रिंग आवळली की गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो. दुसरी, दुकानदार दाखवेल तो सगळ्यात दणकट स्प्रिंग घालून मोकळे होतात. मऊ घेतला तर गाडी खड्ड्यात तळाला आदळते, आणि जास्त कडक घेतला तर स्प्रिंग दबतच नाही, रस्त्यावरचा प्रत्येक खडा माणसाच्या हाडापर्यंत जातो. तुमच्या गाडीचा मूळ स्प्रिंग एका माणसासाठी आहे. तुम्ही दोघं बसता, म्हणून ती आदळते.

तीन मापं घ्या. मागच्या शेपटाखाली एक खूण करा आणि तिथून चाकाच्या आसापर्यंत टेप लावा. एकदा चाक अधांतरी ठेवून, एकदा गाडी नुसती उभी करून, एकदा दोघं हेल्मेट-जॅकेट घालून पिशवीसकट बसून. वजनानं गाडी जेवढी खाली बसते त्याला आम्ही सॅग म्हणतो. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश बसली की स्प्रिंग माणसाला साजेसा.

मापं हवीतच, नुसत्या वजनावर मी देणार नाही. आमच्याकडे म्हण होती, गिऱ्हाइकाला विचारू नका, स्प्रिंगला विचारा. माणूस दोन-चार किलो चोरतोच, आणि जावई माणूस सासरी पत्र लिहिताना पोट आत ओढून लिहितो.

तोवर मीनाला त्या गाडीवर नेऊ नका. मापापुरती बसेल तेवढंच.

बबन

———

जानकीपुरम विस्तार, लखनौ
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय दादा,

सप्रेम जयभीम. काल रविवार होता असं समजा, कारण मी मापांसाठी रजा टाकली. खालच्या मजल्यावरचे विजयजी मदतीला आले. मी टेपचं टोक धरायचं, मग गाडीवर चढायचं, मग त्यांनी आकडा वाचायचा, असा सगळा खेळ. मीनाक्षीनं दोन स्वेटर, त्यावर माझं जुनं जॅकेट आणि हेल्मेट घातलं होतं. गल्लीतले लोक बघत होते. तिनं त्यांना हात केला.

ती मागे बसली तेव्हा विजयजी खाली वाकलेलेच होते. म्हणाले, "भाभीजी, बैठ गईं? गाड़ी तो हिली ही नहीं." आम्ही तिघंही हसलो.

मापं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. माझ्या पोटाबद्दल म्हणाल तर चौऱ्याहत्तर खरे आहेत, विहाराची शपथ. ऑफिसच्या दवाखान्यात काट्यावर उभा राहून आलो.

मीनाक्षी बरी आहे. आईंना सांगा, साठाला एकच किलो कमी आहे. थंडी फार पडली आहे, त्यामुळे दुपारी गच्चीवर उन्हात झोपते.

आपला,
सुगत

———

चिंचवड
२० डिसेंबर २०२४

सुगतराव,

ऑडिट खात्यात तुम्ही काय तपासता कोण जाणे. तुमच्या मापांचा आणि वजनांचा मेळ बसत नाही. तुम्ही एकटे बसल्यावरचा आकडा बरोबर आहे. मीना मागे बसल्यावर गाडी आणखी जेवढी खाली जायला हवी, त्यापेक्षा बोटाच्या रुंदीनं कमी गेली आहे. बोटभर म्हणजे थोडं नव्हे.

मी विचार केला. स्प्रिंगच्या खाली जी लिंक असते, तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की ती अडकते आणि गाडी पूर्ण बसत नाही. लखनौच्या धुळीत तसंच झालं असणार. लिंक खोलून ग्रीस भरून घ्या. मग पुन्हा मोजा, आणि या वेळी दोनदा: एकदा गाडी हातानं दाबून हळूच सोडून, एकदा उचलून हळूच सोडून. दोन्हींतला फरक थोडा असेल तर लिंक मोकळी आहे.

आणि टेप सरळ धरा. विजयजींना म्हणावं, वाकून गप्पा मारू नका.

आई विचारते, गच्चीवर झोपते तर अंगावर काही घेते का.

बबन

———

जानकीपुरम विस्तार, लखनौ
२ जानेवारी २०२५

दादा,

जयभीम. यावेळी पत्र मीच लिहिते. अक्षर वाकडं आलंय, थंडीनं बोटं आखडली आहेत. इथं आठवडाभर धुकं हटलेलं नाही आणि हीटरपाशी बसून माझ्या एका गालाची भाजी झाली आहे.

सुगतला रागावू नकोस. लिंक खोलली, ग्रीस भरलं, पुन्हा मोजलं. फरक थोडाच आहे, म्हणजे लिंक मोकळी. आणि गाडी आधी बसत होती तेवढीच बसते. टेप सरळ होता, मी स्वतः वरून बघत होते. आता तू म्हणशील, मग चूक कुठंय? दादा, एवढं खोलात जाऊ नकोस रे. काहीतरी इकडंतिकडं होत असेल. तू आपला वजनावर हिशेब कर आणि स्प्रिंग पाठव. पौर्णिमा बारा फेब्रुवारीला आहे. तुमच्या दोघांची पत्रं अशीच येत-जात राहिली तर मी इथंच बसून राहीन.

मला एवढी एकच गोष्ट हवी आहे. मागच्या वर्षी मी झाडाखाली बसले होते तेव्हा थायलंडच्या एक म्हाताऱ्या भिक्खुणी माझ्या शेजारी येऊन बसल्या. भाषा कळत नव्हती. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ऑपरेशनच्या वेळी मी तोच हात आठवत होते. तिथं एकदा बसून यायचंय, मग डॉक्टर म्हणतील ते करीन.

कारनं जा असं आईला म्हणू देऊ नकोस. एस.टी.त मी तुझ्या नव्या टोपीत ओकले होते ते विसरलास का? तू ती टोपी खिडकीतून टाकलीस आणि घरी मार खाल्लास, पण माझं नाव सांगितलं नाहीस.

आईला सांग, अंगावर गोधडी घेते.

तुझी,
मीना

———

चिंचवड
९ जानेवारी २०२५

मीना,

तुझ्यापुढं आजवर कुणाचं चाललंय? स्प्रिंग पाठवतोय. जुन्या फॅक्टरीतल्या ओळखीनं मुद्दाम वळवून घेतला. सुगतरावांचे चौऱ्याहत्तर, तुझे साठ, पिशवी आणि रस्त्याच्या खड्ड्यांसाठी थोडं जास्त, असा धरला आहे. आईनं साठच सांगितलं, माझ्या हातात काही नव्हतं.

खरं सांगू? मला हे पटलेलं नाही. मापं एक सांगतात आणि तुमचा कागद दुसरं. एरवी मी मापांवर गेलो असतो. पण टेप तू वरून बघत होतीस म्हणतेस, आणि वजनावर हिशेब कर असं तूच लिहिलंयस. तू काही गिऱ्हाईक नव्हेस. तेव्हा वजन खरं आणि गाडीचंच काहीतरी बिघडलेलं, असं मी ठरवलं.

पार्सलमध्ये आईचे डिंकाचे लाडूही आहेत. स्प्रिंगखाली दबून एखादा फुटला असेल तर फुटलेलाच खा.

टोपीचं मी विसरलो होतो. तू आठवण दिलीस तेव्हा वेदिका मोठ्यानं वाचत होती. तिनं वाचन थांबवून माझ्याकडं पाहिलं, आणि आईला इतक्या वर्षांनी चोर सापडला.

तुझा,
बबनदादा

———

जानकीपुरम विस्तार, लखनौ
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर नाही, तुम्ही संध्याकाळी बसता त्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतो आहे. कुणाला वाचायला देऊ नका.

मीनाक्षीचं वजन एकोणसाठ नव्हतं. नोव्हेंबरात शेहेचाळीस होतं. आज त्रेचाळीस आहे.

हे कसं झालं ते सांगतो. ऑपरेशननंतर आईंनी पहिल्याच पत्रात वजन विचारलं. मीनाक्षी म्हणाली, पंचावन्न लिही. पुढच्या पत्रात पुन्हा विचारलं, आम्ही एक किलो वाढवलं. असं करत एकोणसाठवर आलो. मग स्प्रिंगसाठी तुम्हाला लिहायला बसलो तेव्हा खरा आकडा लिहावा असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पत्र तर वेदिका मोठ्यानं वाचणार. एकदम एवढं कमी ऐकलं तर आई दुसऱ्या दिवशी लखनौच्या गाडीत बसेल, आणि मला बघितल्यावर तिचं काय होईल?" मी एकोणसाठच लिहिलं. वाटलं, वजन जास्त धरलं तर स्प्रिंग थोडा मजबूत येईल, त्यात बिघडलं काय. आमच्या ऑफिसात जास्तीची तरतूद कुणाला नडत नाही. मापं खरीच पाठवत होतो, त्यामुळे सगळंच काही खोटं नाही अशी मनाची समजूत घातली.

स्प्रिंग इथल्या चिनहट भागातल्या मेकॅनिककडून बसवला. गल्लीत एक चक्कर मारली. ती म्हणाली, छान आहे. पौर्णिमेला धुकं विरल्यावर निघालो. बाराबंकीपर्यंत रस्ता गुळगुळीत होता आणि ती मागून काहीबाही बोलत होती. रामनगरच्या पुढे तिचं बोलणं थांबलं. मग घाघरा नदीचा पूल लागला. त्या पुलाला जोड आहेत, तुम्हाला आठवत असतील. प्रत्येक जोडावर गाडी मागून उडत होती, स्प्रिंग दबतच नव्हता. तिच्या अंगावर आता मांस नाही, दादा. प्रत्येक धक्क्याला तिचा श्वास मला मानेवर ऐकू येत होता. पुलावर थांबायला जागा नव्हती, मागे ट्रक होते.

पलीकडे चहाच्या टपरीपाशी थांबलो. तिला उतरता येईना. मी उचलून बाकावर ठेवलं. म्हणाली, "सुगत, पुरे. पुढं नको." मग म्हणाली, "दादाला काही लिहू नको. स्प्रिंग चांगला आहे. मीच त्याला पुरत नाही."

जीप करून परत आलो. सगळी वाट ती ओकत होती. गाडी दुसऱ्या दिवशी विजयजींनी आणली.

तिनं लिहू नको म्हटलं तरी लिहितो आहे, कारण परवा तिनंच पुन्हा विषय काढला. म्हणाली, "पौर्णिमा गेली तर गेली, जेतवन कुठं जातंय?" औषधं तीन मार्चला सुरू होणार आहेत. तोपर्यंत एकदा नेता येईल का? त्रेचाळीस किलोसाठी कोणता स्प्रिंग लागतो, तेवढं सांगा. मिळेल तिथून आणतो.

आपला,
सुगत

———

चिंचवड
२१ फेब्रुवारी २०२५

सुगतराव,

पत्र आज दुपारी मिळालं. वेदिकेच्या फोनवरून तुम्हाला लगेच निरोप टाकायला लावला: जुना स्प्रिंग परत घाला, रिंग चार आटे कसा, आणि निघा. तो मिळाला असेलच. पोरीनं विचारलं, "असं अचानक का?" मी सांगितलं, नवा सदोष निघाला. बाकीचं इथं लिहितो.

नव्या स्प्रिंगची गरजच नव्हती. त्रेचाळीस काय, शेहेचाळीसलासुद्धा मूळचा स्प्रिंग चार आटे कसून पुरला असता. मी पहिल्याच पत्रात म्हटलं होतं की रिंगनं कडकपणा येत नाही. ते खरं आहे, पण इतक्या हलक्या माणसाला तेवढाच आधार लागतो. म्हणजे डिसेंबरात, ज्या दिवशी तुम्ही मापं घेतली त्याच दिवशी, चार आटे कसून तुम्ही तिला नेऊ शकला असता. तेव्हा तिला बसवत होतं. मी बसवू नका म्हणून लिहिलं, मग ग्रीस भरायला लावलं, मग स्प्रिंग वळवत बसलो. तिचे बसता येण्याचे दिवस मी पत्रांत घालवले.

तुमच्यावर रागावलो होतो. पत्र वाचलं तेव्हा तुम्ही समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. मग तुमचा डिसेंबरचा कागद पुन्हा काढून पाहिला. त्यात सगळं होतं. मागं कुणीतरी फार हलकं बसलंय, असं ती गाडी सांगत होती आणि मी लिंक अडकली म्हणत होतो. जन्मभर हेच काम केलं. दुसऱ्या कुणाची मापं असती तर मी एका नजरेत ओळखलं असतं. इथं मला ते उत्तर नको होतं, म्हणून मी दिसत असलेलं सोडून दिलं. तुम्ही आईसाठी खोटं लिहिलंत, आणि मला ते खरं असायला हवं होतं.

आता ऐका. सीटवर जाड ब्लँकेटची घडी टाका. मागच्या चाकातली हवा थोडी कमी करा. ओढणीनं तिला तुमच्या पाठीशी बांधून घ्या. पुलावर अगदी सावकाश चला, मागचे ट्रकवाले शिव्या देतील तर देऊ द्या. येत्या रविवारी जा, माझ्यासाठी थांबू नका. मी पुढच्या आठवड्यात येतोय. आईला सांगितलंय की फॅक्टरीतल्या मित्राच्या मुलीचं लग्न आहे. बघा, आता मीही तुमच्यात सामील झालो.

बबन

———

जानकीपुरम विस्तार, लखनौ
२० मार्च २०२५

आदरणीय दादा,

सप्रेम जयभीम.

तुम्ही परत गेल्यावर घर आवरताना तुमचं एकवीस तारखेचं पत्र सापडलं. आम्ही हॉस्पिटलात असताना ते आलं होतं आणि विजयजींनी दाराखालून आत सरकवलं होतं. सतरंजीखाली गेलं होतं. तुम्ही इथं आठ दिवस होतात, पण आपण दोघं यातलं काहीच बोललो नाही, म्हणून आज उत्तर लिहितो.

तुमचा निरोप त्याच संध्याकाळी मिळाला होता. शनिवारी सकाळी चिनहटला जाऊन जुना स्प्रिंग घातला, चार आटे कसले. घरी आलो तर मीनाक्षीनं पांढरी साडी, मेणबत्त्या आणि उदबत्तीचा पुडा काढून टेबलावर ठेवला होता. मी म्हटलं, खाली चल, एकदा बसून बघ. म्हणाली, "उद्याच बसते. आज बसले तर उद्याची ताकद संपेल." संध्याकाळी तिला ताप भरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पोचलात तेव्हा ती बोलत नव्हती, पण तुम्ही हात धरल्यावर तिनं बोटं हलवली होती. मी पाहिलं होतं. तुमच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

म्हणजे ज्या गाडीवर तिला त्रास झाला नसता, तिच्यावर ती एकदाही बसली नाही.

डिसेंबरात जाता आलं असतं असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी रोज वाचतो. लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं. पण या सगळ्या पत्रांत आपण तिघं एकमेकांना जपतच राहिलो आणि ती घरातच राहिली. आता तरी कुणी कुणाला जपू नये. माझी चूक तुमच्या चुकीहून मोठी आहे. तुम्हाला वजन माहीत नव्हतं. मी तिला रोज उचलून बाथरूमला नेत होतो.

मागच्या आठवड्यापासून ऑफिसला जातो. पहिल्या दिवशी मोटारसायकलनं गेलो. ती मागून उंच झाली आहे आणि मोकळीच उडते. टेढ़ी पुलियापाशी सीटवरून उडालोच. रिंग सैल करायला चिनहटला गेलो. मेकॅनिकला काही माहीत नाही. पाना हातात घेऊन त्यानं विचारलं, "भैया, अकेले चलाएँगे या डबल? उसी हिसाब से खोलूँ."

बाद में बताता हूँ म्हटलं, गाडी तिथंच सोडली आणि ई-रिक्षानं घरी आलो. अजून ती तिथंच उभी आहे. तुम्हाला विचारतो, दादा. किती आटे सोडू? की असूच देऊ?

आपला,
सुगत

———

चिंचवड
२७ मार्च २०२५

सुगत,

आज राव लावत नाही आणि अहो-जाहोही करत नाही. मीना गेल्यावर मला तिच्यामागं उरलेला तूच आहेस.

तुझं पत्र मी घरीच उघडलं आणि वेदिकेनं जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचलं. मधे थांबू का, असं तिनं दोनदा विचारलं. आई म्हणाली, "वाच." पुलाचं, टपरीचं काही आईला माहीत नव्हतं. ते मी नंतर सांगितलं. तुझं फेब्रुवारीतलं पत्र, ज्यात खरं वजन आहे, तेही वाचायला दिलं. आई जेवते, झोपते. फारसं बोलत नाही. कुणाचंच वजन विचारत नाही.

बोटं हलली होती ते मला कळलं होतं. पण मला वाटलं, मीच मानून घेतोय. तू लिहिलंस म्हणून आता खरं धरतो.

तुझी चूक मोठी की माझी, हे मोजत बसू नकोस. ते मोजायला माझ्याकडे टेप नाही आणि असता तरी मी पुन्हा वाकडाच धरला असता. मलाही झोप लागत नाही. लागेल तेव्हा लागेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तेवढंच मला येतं. आटे असे ठेवायचे नाहीत. जे वजन गाडीवर नाही, त्याच्यासाठी लावलेला स्प्रिंग चालवणाऱ्याला वर फेकतो. चाक रस्ता सोडतं, ब्रेक लागत नाही. मीनाला मी नसलेल्या वजनाचा स्प्रिंग पाठवला. तुझ्याबाबतीत तसं होऊ देणार नाही.

हे वाचून उद्याच चिनहटला जा. मेकॅनिक तेच विचारेल, तेव्हा त्याला सांग, अकेले. पहिल्यांदा आवाज निघणार नाही. थोडं थांब आणि पुन्हा सांग. चारही आटे सोडून घे, आणि गाडी घरी आण.

तुझा,
बबनदादा